वाचकांचे प्रश्न : जुन्या घाटाची, हाताने घडवलेली इंजिनसायकल

जुन्या घाटाच्या इंजिनसायकली, म्हणजे छोटे इंजिन बसवलेल्या सायकली, घरच्या कार्यशाळेत बनवणाऱ्या वाचकांकडून बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र केले असून पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : १९१०च्या सुमारास लाकडी धावपट्ट्यांवर शर्यती होत, त्या शर्यतींच्या मोटारसायकलीसारखी दिसणारी सायकल मला बनवायची आहे. माझ्याकडे एक जुनी दणकट रोडस्टर सायकल आहे. तिचीच फ्रेम कापून लांब करावी, की सगळी फ्रेम नव्याने घडवावी?

उत्तर : माझे मत नव्या फ्रेमच्या बाजूने आहे, मात्र जुनी सायकल टाकून देऊ नये. हँडल ज्यात फिरते ती पुढची आखूड नळी, पायडलचा आस ज्यात बसतो ते आटे पाडलेले कवच आणि मागच्या चाकाचा आस अडकवण्याच्या खाचा, एवढे भाग रोडस्टरमधून काळजीपूर्वक कापून घ्यावेत. हे भाग अचूक कातलेले असतात आणि घरी तसे कातणे फार कष्टाचे असते. बाकीच्या नळ्या साध्याच असतात, त्या आपण घडवू शकता. फ्रेम लांब करण्यासाठी नळी मधोमध कापून तुकडा घालण्याची पद्धत मला पसंत नाही. करावेच लागले तर छेद तिरका घ्यावा, आत घट्ट बसणारी दुसरी नळी सरकवावी आणि बाहेरच्या नळीला भोके पाडून तिथेही वेल्ड भरावे. नुसता टोकाला टोक लावून केलेला जोड इंजिनाच्या थरथरीत फार काळ टिकत नाही.

आकार ठरवण्याआधी तो आकार तसा का झाला, हे समजून घ्यावे. पॅरिसमधील वेर्नर बंधूंनी १८९७ मध्ये इंजिन पुढच्या चाकाच्या वर बसवले. वजन उंचावर आणि पुढे गेल्यामुळे ते वाहन ओल्या रस्त्यावर सहज घसरत असे, म्हणून १९०१ मध्ये त्यांनीच इंजिन खाली, पायडलच्या आसाजवळ आणले. त्याच वर्षी अमेरिकेत हेंडी आणि हेडस्ट्रॉम यांच्या पहिल्या ‘इंडियन’ मोटारसायकलीत तर सीटखालच्या नळीच्या जागी चक्क इंजिनच बसवले होते आणि टाकी मागच्या मडगार्डवर उंटाच्या कुबडासारखी चढवली होती. पुढे इंजिने मोठी झाली, तेव्हा त्यांना कवेत घेणारी, खालून वळसा घालून जाणारी नळी आली. या शर्यतीच्या गाड्यांची खाली वाकलेली हँडल ही तीव्र उताराच्या धावपट्टीवर अंग मोडून झोपणाऱ्या शर्यतपटूसाठी होती. साध्या रस्त्यावर तशीच हँडल लावली, तर अर्ध्या तासात मनगटे बोलू लागतात. हँडलची पकड पाच-सहा सेंटिमीटर वर घेतल्याने डौल बिघडत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्लायवूडच्या फळीवर पूर्ण मापाचे चित्र काढावे. आधी दोन चाकांची वर्तुळे, मग इंजिनाच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका, आणि त्यानंतरच नळ्या. पायडलचा दांडा फिरताना एक्झॉस्टला किंवा इंजिनाच्या कवचाला घासतो का, हे चित्रात समजत नाही, कारण ती अडचण रुंदीतली असते. त्यासाठी इंजिन व पायडल प्रत्यक्ष फळीवर ठेवूनच पाहावे लागते. पहिल्या फ्रेममध्ये ही चूक माझ्याकडून झाली होती आणि रंग दिलेली फ्रेम मला पुन्हा कापावी लागली.

खालचा वळसा घडवताना नळी चेपू नये म्हणून तिच्यात वाळू ठासून भरतात आणि दोन्ही टोके लाकडी गुट्ट्यांनी बंद करतात. ही वाळू कढईत भाजून पूर्ण कोरडी केलेली असली पाहिजे. ओलसर वाळू असलेली बंद नळी लाल होईपर्यंत तापवली की आत वाफ कोंडते आणि गुट्टी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. फ्रेम ठिकठिकाणी वेल्डचे छोटे टाके घालून उभी राहिली की एक दोरा मागच्या उजव्या खाचेपासून पुढच्या नळीला वळसा घालून डाव्या खाचेपर्यंत ताणावा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. अंतरात एक मिलिमीटरहून अधिक फरक आला, तर पूर्ण वेल्डिंग करण्यापूर्वीच तो काढावा; नंतर तो निघत नाही.

प्रश्न : मी आणलेल्या दोन-स्ट्रोक इंजिनाच्या खोक्यावर ८० सीसी असे छापले आहे. एका मित्राच्या मते ते तेवढे नाही. खरे काय? आणि मागचे दातेरी चक्र किती दातांचे असावे?

उत्तर : मित्राचे म्हणणे तपासणे सोपे आहे. सिलिंडरचा आतला व्यास आणि पिस्टनची चाल मोजावी. या घाटाच्या इंजिनांत व्यास बहुधा ४७ मिलिमीटर आणि चाल ३८ किंवा ४० मिलिमीटर असते. हिशेब केला तर पहिल्या मापाने सुमारे ६६ आणि दुसऱ्याने सुमारे ६९ घन सेंटिमीटर भरतात. खोक्यावरचा आकडा विकण्यासाठी असतो.

दातांच्या बाबतीतही अंदाजापेक्षा हिशेब बरा. समजा, इंजिनाच्या आत फेऱ्यांत ४.१ पट घट होते, बाहेरचे लहान चक्र १० दातांचे आहे आणि मागचे ४४ दातांचे. एकूण घट १८ पट झाली. २६ इंची चाक एका फेऱ्यात सुमारे २.०७ मीटर पुढे जाते, म्हणजे इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असताना वेग ताशी ३४ किलोमीटरच्या जवळपास येतो. मागे ३६ दातांचे चक्र लावले तर तोच वेग ताशी ४२ किलोमीटर होतो, पण चढावर दम लागतो. जुन्या घाटाच्या सायकलीला ४४ दातच शोभतात, असे मी मानतो; शांतपणे चालणारे इंजिन फार काळ टिकते आणि कानालाही बरे वाटते.

प्रश्न : टाकी पत्र्याची हाताने बनवायची आहे. पितळ चांगले की लोखंडी पत्रा? गळती कशी तपासावी? जुन्या मोपेडची टाकी कापून तिचा पत्रा वापरला तर चालेल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : कापू नये. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून जास्त धोकादायक असते, कारण आतली वाफ हवेत मिसळून स्फोटक झालेली असते आणि धुतल्यानंतरही शिवणींत उरलेले पेट्रोल तापताच पुन्हा वाफ सोडते. वर्षानुवर्षे कोरडी पडलेली टाकीही मी कधी वेल्डिंगखाली घेत नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्राही टाळावा. जोड देताना त्यावरील जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेल्यास रात्री थंडी वाजून ताप येतो.

तांब्या-पितळेची टाकी दिसायला देखणी असते, यात शंका नाही. परंतु तांब्याच्या सान्निध्यात पेट्रोल लवकर खराब होऊन त्यात डिंकासारखा चिकट साका धरतो आणि तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक छिद्रात, जाऊन बसतो. सायकल आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल, तर आतून कल्हईसारखा कथिलाचा थर द्यावा किंवा सरळ सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा साधा लोखंडी पत्रा वापरून त्यावर पितळेच्या पट्ट्या आणि रिवेट शोभेसाठी लावावेत. मी हा दुसरा मार्ग पत्करतो.

फ्रेमच्या दोन आडव्या नळ्यांमधल्या जागेचा पुठ्ठ्याचा साचा आधी कापावा आणि तो सर्व बाजूंनी पाच मिलिमीटर लहान करावा, कारण टाकी फ्रेमला चिकटता कामा नये. दोन बाजूंचे पत्रे कडक लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून कडा सहा मिलिमीटर दुमडाव्यात. वाकणाच्या ठिकाणी लाकडी हातोडीने हलके हलके, पुढे-मागे ठोके देत जावे. एका जागी जोर लावला की पत्रा सुरकुततो आणि ती सुरकुती पुढे गळतीची जागा ठरते. सोल्डरने जोडायचे असेल, तर कडा एकमेकींत अडकवून दुमडलेल्याच असाव्यात : भार दुमडीने घ्यायचा आणि कथिलाने फक्त फट बुजवायची. नुसत्या कथिलावर भार पडला तर थरथरीने तो जोड भेगाळतो. झाकणाची आणि नळाची बूड पातळ पत्र्यात आटे पाडून बसवू नये. जाड चकती कातून, तिला आटे पाडून मग ती पत्र्याला जोडावी. झाकणाला टाचणीच्या टोकाएवढे भोक हवे. ते नसेल तर पेट्रोल उतरत असताना आत पोकळी तयार होते आणि सायकल काही किलोमीटरांवर विनाकारण बंद पडल्यासारखी बंद पडते.

गळती तपासण्यासाठी हवा भरायचा पंप वापरू नये. साधा हिशेब पाहा. टाकीची बाजू ४५ सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर उंच असेल, तर तिचे क्षेत्रफळ ५४० चौरस सेंटिमीटर होते, आणि ०.२ बार एवढ्या किरकोळ दाबानेसुद्धा त्या सपाट पत्र्यावर सुमारे ११० किलोचा भार पडतो. टाकी डब्यासारखी फुगते आणि पुन्हा सरळ होत नाही. त्याऐवजी सर्व तोंडे बंद करून एका रबरी नळीतून तोंडाने फुंकावे आणि शिवणींवर साबणाचा दाट फेस कुंचल्याने लावावा. माझ्या दुसऱ्या टाकीला मी तीन वेळा फेस लावला आणि काहीच दिसले नाही. चौथ्या वेळी दिवा खालून धरला, तेव्हा नळाच्या चकतीच्या मागे मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक, अगदी सावकाश वर येताना दिसले. जोड बाहेरून चकचकीत होता, पण चकतीच्या आतल्या कडेला जोडाचे वितळलेले पितळ पोहोचलेच नव्हते. म्हणून घाई करू नये आणि प्रकाश नेहमी तिरका धरावा.

टाकी फ्रेमला वेल्ड न करता रबराच्या पट्ट्यांवर बसवून पट्ट्यांनीच आवळावी. फ्रेम चालताना थोडी पिळवटते आणि टाकी तिला घट्ट जोडलेली असली तर शिवण फाटते.

प्रश्न : पुढचे चाक धरणारा स्प्रिंगचा चिमटा घरी बनवता येईल का? आणि चिमटा अधिक तिरका केला तर दिसायला छान वाटतो. त्याने चालवण्यात फरक पडतो का?

उत्तर : फरक पडतो आणि तो मोजता येतो. चाकाची त्रिज्या ३३० मिलिमीटर, हँडलची नळी जमिनीशी ७० अंशांत आणि आस त्या नळीच्या रेषेपासून ४५ मिलिमीटर पुढे आहे असे धरू. वळण्याच्या आसाची रेषा जमिनीला जिथे मिळते, तिच्या मागे टायर टेकण्याची जागा सुमारे ७२ मिलिमीटर येते. नळी ६६ अंशांपर्यंत तिरकी केली आणि बाकी काही बदलले नाही, तर हेच अंतर सुमारे ९८ मिलिमीटर होते. वेगात सायकल सरळ रेषेत ठाम जाते खरी, पण सावकाश वळताना पुढचे चाक स्वतःच्या वजनाने बाजूला कलू लागते आणि हँडल हाताला जड वाटते. तिरकेपणा वाढवायचाच असेल, तर आस त्या प्रमाणात आणखी पुढे घ्यावा. स्प्रिंगच्या चिमट्यात आस डोलणाऱ्या दुव्याच्या टोकाला असतो आणि स्प्रिंग दबली की हे माप बदलते. म्हणून मोजमाप चालक बसलेला असतानाचे घ्यावे, रिकाम्या सायकलीचे घेऊ नये.

आता बनवण्याविषयी. डोलणारे दुवे, त्यांचे ब्राँझचे बुश, स्प्रिंगच्या वरच्या टोप्या हे सगळे घरच्या लेथवर होते आणि करताना मोठा आनंदही मिळतो. चिमट्याचा मुकुट, म्हणजे दोन पाय आणि हँडलची दांडी जिथे एकत्र येतात तो भाग, ज्याचा वेल्डिंगचा हात पक्का बसलेला नाही त्याने करू नये. फ्रेमची नळी तुटायला लागली तर आधी वाकते आणि आवाज करते. मुकुट तुटतो तेव्हा चालक हँडलवरून पुढे फेकला जातो.

माझ्या पहिल्या चिमट्याच्या मुकुटावर पांढरा रंग होता, हे माझे नशीब. धुताना वेल्डच्या कडेला केसासारखी तांबूस रेघ दिसली. रंगच तडकला असेल, असे वाटले, पण रेघ गंजाची होती आणि रंगाच्या आतून येत होती. तपासण्याची जुनी रीत अशी : भाग खरवडून स्वच्छ करावा, घासलेट लावून काही वेळ मुरू द्यावे, मग पूर्ण पुसून घ्यावे आणि खडूची भुकटी स्पिरिटमध्ये कालवून तिचा पातळ हात द्यावा. चीर असली तर आत मुरलेले घासलेट थोड्या वेळाने वर येते आणि पांढऱ्यावर ओली काळपट रेघ उमटते. माझ्या मुकुटावर ती रेघ वेल्डच्या मध्ये नव्हती, तर वेल्डला लागून नळीवर होती. तापून कडक झालेल्या धातूतच चीर गेली होती. तेव्हापासून मी मुकुट तयार घेतो आणि त्याखालचे सगळे हाताने करतो. ज्यांना पूर्ण हाताचेच काम हवे, त्यांना हे पटणार नाही. त्यांनी निदान दर महिन्याला घासलेट-खडूची परीक्षा घ्यावी.

प्रश्न : त्या काळातल्या शर्यतीच्या गाड्यांना ब्रेक नसत, असे वाचले. दिसणे बिघडू नये म्हणून मीही फक्त मागचा, पायडल उलटे दाबून लागणारा ब्रेक ठेवणार आहे. चालेल ना?

उत्तर : नाही. त्या धावपट्ट्यांवर समोरून कोणी येत नसे, वळणाला थांबायचे नसे, आणि तरीही माणसे मेली. १९१२ मध्ये अमेरिकेतील न्यूअर्कच्या लाकडी धावपट्टीवर एडी हॅशा या शर्यतपटूसह काही प्रेक्षकही प्राणांस मुकले.

चालकासह १२५ किलोची सायकल ताशी २० किलोमीटर वेगाने जात असेल, तर थांबवताना ब्रेकला सुमारे १,९०० ज्यूल ऊर्जा गिळावी लागते. ताशी ४० ला ती ७,७०० होते, म्हणजे चौपट. पायडलचा ब्रेक उतारावर तापला की आतले ग्रीस जळते आणि पकड जाते. पुढे ड्रम ब्रेक लावावा. तो लहान आणि काळ्या रंगाचा असला तर दुरून चाकाचा मधला तुंबा, म्हणजे हबच वाटतो. ब्रेकच्या पाट्याला चाकाबरोबर फिरू न देणारा त्याचा प्रतिक्रिया-दांडा चिमट्याच्या भक्कम भागाला बोल्टने बांधावा, पातळ पत्र्याच्या पट्टीने मुळीच नाही. लोखंडी रिमवर रबरी गुटके दाबणारा ब्रेक पावसात जवळजवळ निकामी होतो, म्हणून तो दुसरा ब्रेक म्हणूनही मी सुचवत नाही.

प्रश्न : मागचे दातेरी चक्र आऱ्यांवर रबर आणि बोल्ट लावून आवळले आहे. दोन महिन्यांत सहा आरे तुटले. जाड आरे घालू का?

उत्तर : २ मिलिमीटरऐवजी २.६ मिलिमीटरचे आरे घातले तर तुटणे कमी होईल, परंतु मूळ दोष तसाच राहील. आरा ताणासाठी बनवलेला असतो, बाजूने वाकण्यासाठी नाही. रबराच्या चिमटीतून येणारा इंजिनाचा प्रत्येक धक्का त्याला वाकवतो आणि तो हबच्या वळणाशी तुटतो. चक्र थेट हबवर बसेल अशी दोन तुकड्यांची कडी लेथवर कातून घ्यावी, हबला मिठी मारेल अशी आवळावी आणि चक्र तिच्यावर बोल्टने धरावे. कडी बसवल्यावर चक्र फिरवून डगमग मोजावी. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त डगमग चेन सहन करत नाही.

चेन ताणण्यासाठी नळीवर नुसता आवळलेला ताणक कधीही वापरू नये. तो घसरून आऱ्यांत गेला की मागचे चाक जागच्या जागी गच्च होते. एक तर खाचेत आस मागे-पुढे करून चेन ताणावी, नाहीतर ताणकाची पट्टी नळीला वेल्ड करावी.

प्रश्न : सायकल शंभर वर्षांची वाटावी म्हणून आम्ल लावून गंज आणावा का?

उत्तर : ही आवडीची बाब आहे, पण मला तो प्रकार नकली वाटतो, आणि गंज भेगा लपवतो. त्या काळातील नवी गाडी चकचकीतच असे. जुनेपणा हवा असेल तर क्रोम टाळावे. क्रोमचा मुलामा १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाला, त्याआधी निकेल असे आणि त्याची झाक किंचित पिवळसर असते. टायरही काळेभोर नकोत. रबरात काजळी घालण्याची पद्धत रुळण्याआधी टायर पांढरट किंवा करडे असत. बारीक सोनेरी रेघ ओढलेला एकच गडद रंग, निकेलच्या चार वस्तू आणि फिके टायर एवढ्याने काम भागते.

प्रश्न : रस्त्यावर चालवायला परवाना लागतो का?

उत्तर : बहुतेक देशांत इंजिन बसले की सायकल मोटार वाहन ठरते आणि नोंदणी, विमा, दिवे यांचे नियम लागू होतात, इंजिनाचा आकार आणि वेग यांच्या मर्यादा मात्र देशोदेशी वेगळ्या आहेत. फ्रेमवर पहिला टाका घालण्याआधीच नोंदणी कार्यालयात जाऊन लेखी उत्तर घ्यावे, कारण काही ठिकाणी फ्रेमवर क्रमांक ठोकणे किंवा तपासणी बांधणीदरम्यान होणे आवश्यक असते.

प्रश्न : इतके सगळे हाताने करतो आहे, तर कार्ब्युरेटरही करावा का?

उत्तर : पूर्वी लोकांनी केला आहे. अमेरिकेतील मोटारसायकल व विमाने बनवणारे ग्लेन कर्टिस यांनी आपल्या पहिल्या मोटारसायकलीसाठी टोमॅटोच्या रिकाम्या डब्यात जाळी घालून कार्ब्युरेटर बनवला होता, असे सांगतात. १८८५ मध्ये जर्मन अभियंता डाइमलरच्या लाकडी दुचाकीवरही पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा ओढणाराच कार्ब्युरेटर होता. अशा डब्यात इंजिनाने उलटा भडका मारला की तो पेटतो, आणि आपल्या सायकलीवर तो चालकाच्या मांडीजवळ येतो. म्हणून आतला कार्ब्युरेटर कारखान्याचाच असू द्यावा. त्याच्यावर पितळेचे कवच, हवेचे तोंड आणि हातात धरायची गुंडी मात्र आपण हवी तशी कातावी. कवच कातताना जेटचा स्क्रू बाहेरून फिरवता येईल एवढे भोक ठेवायला विसरू नये. मी विसरलो होतो, आणि दर वेळी इंजिन जुळवताना मला चार बोल्ट काढावे लागतात.